एकच रचना, अनेक रात्री: किंग क्रिमझनच्या रेकॉर्डिंगांमधून वाट कशी काढावी

किंग क्रिमझन हा रॉक बँड ऐकायला घेतलेली बरीच माणसं दोनच जागी अडकतात. काही जण पहिला अल्बम ऐकतात, त्याच्या मुखपृष्ठावरचा किंचाळणारा चेहरा लक्षात ठेवतात आणि तिथेच थांबतात. काही जण उत्साहात थेट २७ डिस्कचा संच उघडतात आणि तिसऱ्या डिस्कवर दमतात. दोन्ही वेळा चूक ऐकणाऱ्याची नसते. या बँडचे स्टुडिओ अल्बम १३ आणि लाइव्ह प्रकाशनं त्याच्या कित्येक पट. कुठून सुरू करायचं हे कुणी सांगितलं नाही तर माणूस हरवणारच.

मी गेली अनेक वर्षं हे संगीत तारीखवार ऐकतो आहे. त्यातून एक पद्धत बसली आहे, ती इथे पायऱ्यांनी मांडतो. मागचा विचार एवढाच, की या बँडचा स्टुडिओ अल्बम म्हणजे रचनेचा आराखडा. रचना वाढते मंचावर, आणि दर रात्री वेगळी वाढते. आपल्याकडे एखाद्या गायकाचा यमन आवडला की त्याच गायकाचा दहा वर्षांनंतरचा यमन शोधणारे श्रोते असतात. तो कान इथे तंतोतंत उपयोगी पडतो. रॉक संगीतात असे बँड फार नाहीत.

पायरी पहिली: एका पानावर वंशावळ लिहून घ्या

वही घ्या. मोबाइलवरची टिपणंही चालतील, पण कागदावर नजर एकदम फिरते. बँडचं नाव कायम राहिलं, माणसं मात्र सतत बदलली. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत असलेला माणूस एकच, गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. त्यामुळे ‘किंग क्रिमझन लाइव्ह’ एवढं सांगून काहीच कळत नाही, साल सांगावं लागतं.

पहिला संच, म्हणजे वादकांचा गट, १९६९ चा. फ्रिप, बेस वाजवत गाणारा ग्रेग लेक, सॅक्सोफोन, बासरी आणि मेलोट्रॉन (टेपवर उतरवलेले वाद्यांचे स्वर वाजवणारं कीबोर्ड) सांभाळणारा इयन मॅक्डोनल्ड, ड्रमर मायकल जाइल्स, आणि शब्द लिहिणारा पीटर सिनफील्ड. १३ जानेवारी १९६९ ला लंडनमध्ये एका कॅफेच्या तळघरात त्यांची पहिली तालीम झाली. ५ जुलैला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या मोफत कार्यक्रमात ते वाजले, १० ऑक्टोबरला पहिला अल्बम आला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या दौऱ्यातच संच फुटला. एका वर्षात सगळं घडलं.

दुसरा मंचावरचा संच १९७१–७२ चा: बॉझ बरेल, मेल कॉलिन्स, इयन वॉलेस. बॉझला गायक म्हणून घेतलं होतं, बेस फ्रिपने त्याला शिकवला. तिसरा १९७२–७४ चा: बेस आणि गायनाला जॉन वेटन, ‘येस’ हा बँड सोडून आलेला ड्रमर बिल ब्रुफर्ड, व्हायोलिनवर डेव्हिड क्रॉस, आणि सुरुवातीचे काही महिने तालवादक जेमी म्यूर. चौथा १९८१–८४ चा: फ्रिप, ब्रुफर्ड, एड्रियन बेल्यू, टोनी लेव्हिन. पाचवा १९९४ नंतरचा सहा जणांचा, ज्याला ‘डबल ट्रिओ’ म्हणतात: आधीचे चौघे, आणि शिवाय ट्रे गन व पॅट मास्टेलोटो. २००० च्या सुमाराला त्यातले फ्रिप, बेल्यू, गन आणि मास्टेलोटो उरले. शेवटचा संच २०१४ ते २०२१ चा. त्यात तीन ड्रमर मंचाच्या पुढच्या बाजूला बसायचे आणि बाकीचे त्यांच्या मागे, उंचावर.

प्रत्येक संचापुढे चार ओळी रिकाम्या ठेवा. ऐकत जाल तसं तिथे भरत जायचं आहे.

पायरी दुसरी: तीन स्टुडिओ अल्बम, आणि तेवढेच

लाइव्हकडे जाण्यापूर्वी आराखडा डोक्यात हवा. त्यासाठी १३ पैकी तीन पुरेत: ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’ (१९६९), ‘रेड’ (१९७४) आणि ‘डिसिप्लिन’ (१९८१). या तिघांत तीन वेगळे बँड ऐकू येतात. पहिल्यात मेलोट्रॉनचे ढग, दुसऱ्यात लोखंड, तिसऱ्यात विणकाम. प्रत्येक अल्बम आठवडाभर ठेवा. ‘लिझर्ड’ आणि ‘आयलंड्स’ मला मनापासून आवडतात, पण त्यांना नंतर वेळ द्या.

आवृत्ती कोणती घ्यायची, हा प्रश्न लगेच येतो. इथे दोन शब्द नीट समजून घ्यावे लागतात. मल्टिट्रॅक टेपवर प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर असतं. त्या पट्ट्या एकत्र आणून कुठलं वाद्य किती मोठं, डावीकडे की उजवीकडे, हे ठरवणं म्हणजे मिक्स. तयार झालेल्या मिक्सवर शेवटचा हात फिरवून तो डिस्कसाठी सिद्ध करणं म्हणजे मास्टर. जुनी टेप ‘रीमास्टर’ केली की धूळ झटकल्यासारखं होतं. ‘रीमिक्स’ केली की घरातलं सामान पुन्हा लावल्यासारखं होतं. दुकानात आणि यादीत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात, म्हणून डिस्कच्या मागचा बारीक मजकूर वाचायची सवय लावा.

२००९ पासून चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने संगीतकार स्टीव्हन विल्सन याने फ्रिपसोबत हे अल्बम नव्याने मिक्स केले. १९६९ मध्ये वेसेक्स स्टुडिओत पट्ट्या आठच होत्या. जागा करण्यासाठी आधी वाजवलेलं एकत्र करून पुढच्या टेपवर उतरवावं लागे आणि प्रत्येक उतरणीत थोडा तजेला जाई. विल्सनने त्या उतरणीआधीच्या टेप वापरल्या. म्हणून ‘ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’मधले जाइल्सचे ड्रम तिथे अधिक मोकळे वाटतात. माझा सल्ला असा: आधी मूळ मिक्स ऐका, आठवड्यानंतर विल्सनचा. उलट क्रमाने गेलात तर १९६९ मध्ये लोकांनी नेमकं काय ऐकलं, ते हातून निसटतं. शिवाय ‘मूनचाइल्ड’चा उत्स्फूर्त वादनाचा लांब भाग २००९ च्या मिक्समध्ये कापून आखूड केलेला आहे, तो पूर्ण हवा असेल तर मूळच ऐकायला हवा.

पायरी तिसरी: लपलेला लाइव्ह अल्बम उघडा

माझ्या मते या सगळ्या प्रवासाचं खरं दार इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

मार्च १९७४ मध्ये आलेला ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ स्टुडिओ अल्बम म्हणून विकला गेला. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक भाग मंचावरचा आहे. श्रोत्यांचा आवाज काढून टाकला आणि वर स्टुडिओतलं थोडं काम केलं. पूर्णपणे स्टुडिओत झालेल्या रचना दोनच, ‘द ग्रेट डिसीव्हर’ आणि ‘लॅमेंट’. ‘वी विल लेट यू नो’ ग्लासगोतल्या कार्यक्रमातली, ‘द मिन्सर’ झुरिकची. बाकीचा मोठा ऐवज एका रात्रीचा आहे: २३ नोव्हेंबर १९७३, अ‍ॅम्स्टरडॅमचं कॉन्सर्टखेबाऊ सभागृह. ‘ट्रिओ’, शीर्षकाची रचना आणि अकरा मिनिटांची ‘फ्रॅक्चर’ तिथल्या. ‘द नाइट वॉच’ची सुरुवात त्या रात्रीची आणि पुढचं गाणं स्टुडिओतलं. हे गाणं रेम्ब्रांटच्या त्याच नावाच्या चित्रावर आहे, आणि ते चित्र अ‍ॅम्स्टरडॅममध्येच आहे. त्या गावातल्या श्रोत्यांसमोर ते गाणं सुरू होताना ऐकणं म्हणजे काय असेल, असा विचार मी दर वेळी करतो.

आता कृती. १९९७ मध्ये हीच पूर्ण रात्र ‘द नाइट वॉच’ या नावाने दोन डिस्कमध्ये प्रसिद्ध झाली. आधी ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’मधली ‘ट्रिओ’ लावा. सुरुवात इतकी हळू आहे, की आवाज वाढवायचा मोह होतो. तो आवरा. व्हायोलिन, बेस आणि मेलोट्रॉनवरचा बासरीचा स्वर एकमेकांना शोधत येतात. साडेपाच मिनिटं ड्रमचा एकही ठोका नाही. तरीही रचनाकारांत चौघांचीही नावं आहेत, ब्रुफर्डचंही. त्या रात्री तो काठ्या छातीशी आडव्या धरून बसून राहिला. आता सुरू करावं का, हे त्याला दर क्षणी ठरवायचं होतं आणि दर क्षणी त्याने ‘नको’ ठरवलं. बाकीच्या तिघांनी हे न वाजवणं रचनेचा भाग मानलं, म्हणून श्रेय. दुसऱ्यांदा ऐकताना मुद्दाम त्या रिकाम्या जागेकडे कान लावा. ड्रम कुठे येऊ शकले असते, अशा निदान तीन जागा सापडतील.

मग ‘द नाइट वॉच’ लावा आणि तीच ‘ट्रिओ’ तिच्या जागी ऐका, पुढेमागे बाकीचा कार्यक्रम, हॉलची हवा, टाळ्या. अल्बममध्ये ती एखाद्या तयार रचनेसारखी वाटते, पण ती त्या संध्याकाळी प्रथम आणि तिथेच जन्मली. हे एकदा लक्षात आलं की ‘लाइव्ह अल्बम म्हणजे गाजलेल्या गाण्यांची पुनरावृत्ती’ ही समजूत आपोआप गळून पडते.

पायरी चौथी: एक रचना निवडा आणि तिचा माग काढा

मी ‘स्टारलेस’ सुचवतो. नावामुळे गोंधळ होतो, म्हणून आधी सांगतो: ही रचना ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ अल्बमवर नाही. ती ‘रेड’च्या शेवटी आहे, बारा मिनिटांहून थोडी मोठी.

रचनेचे तीन भाग ओळखायला शिका. पहिला भाग गाण्याचा, मेलोट्रॉनच्या पडद्यावर वेटनचा आवाज. सव्वाचार-साडेचार मिनिटांच्या आसपास गाणं संपतं आणि वेटनचा बेस १३ मात्रांचं एक आवर्तन सुरू करतो. त्यावर फ्रिप एकच स्वर वाजवत राहतो, दोन तारांवर आळीपाळीने, आणि मग तो स्वर पायरी-पायरीने वर सरकवतो. ख्याल ऐकणाऱ्याला ही बढत लगेच ओळखू येईल: एका स्वरावर मुक्काम, पुढच्या स्वराची ओढ, आणि घाई न करण्याचं बळ. ब्रुफर्ड आधी लाकडाचे, धातूचे छोटे आवाज टाकतो आणि हळूहळू पूर्ण ड्रमवर येतो. तिसऱ्या भागात सगळं दुप्पट वेगाने फुटतं, सॅक्सोफोन आत येतो, आणि अगदी शेवटी गाण्याची मूळ धून मोठी होऊन परत येते.

१३ मात्रा मोजून बघा. सुरुवातीला बोट चुकतं. मी स्वतः ‘चार, चार, पाच’ असे तुकडे पाडून मोजतो, सम बरोबर सापडते.

आता माग. वहीत रकाने आखा: तारीख, गाव, गाणारा कोण, धून कुठल्या वाद्यावर, १३ मात्रांचा भाग कितव्या मिनिटाला सुरू होतो, शेवट कोण गाजवतो. पहिली नोंद ‘रेड’ची. तिथे सुरुवातीची धून गिटारवर आहे, सॅक्सोफोनला मेल कॉलिन्स आणि इयन मॅक्डोनल्ड. दुसरी नोंद २८ जून १९७४, अ‍ॅसबरी पार्क, न्यू जर्सी. ही ‘यूएसए’ अल्बमच्या २००२ च्या आवृत्तीत जोडलेली आहे, १९७५ च्या मूळ एलपीवर नव्हती. तिथे धून क्रॉसच्या व्हायोलिनवर येते, म्हणजे मूळ कल्पनेजवळ, आणि सॅक्सोफोन नाहीच. मंचावर चौघेच आहेत, शेवटचा स्फोट त्यांनाच पेलायचा आहे. ‘रेड’ची सवय झालेल्या कानाला ही जागा उघडी वाटते. मला ती जास्त धोक्याची आणि म्हणून जास्त जिवंत वाटते.

तिसरी नोंद थेट चार दशकांनंतरची. २०१४ नंतरच्या संचात मेल कॉलिन्स परत आला होता, ‘रेड’वर वाजवलेला तोच सॅक्सोफोन, आणि गायला जाको जॅक्झिक. २०१५ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या ताकामात्सुमध्ये झालेल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण ‘रॅडिकल अ‍ॅक्शन’ या २०१६ च्या संचात आहे. ‘स्टारलेस’ आवर्जून चित्रासह बघा. एकस्वरी बढत सुरू होते तसा मंचावरचा प्रकाश हळूहळू लाल होत जातो, शेवटी सगळे वादक त्या लाल रंगात बुडतात. इतर वेळी या बँडच्या मंचावर प्रकाशाचा खेळ जवळजवळ नसतो, त्यामुळे हा एकच बदल अंगावर येतो.

तीन नोंदी झाल्या की वही बंद करा. दहा आवृत्त्या सलग ऐकू नका, कान बधिर होतो. आठवड्याला एक, हा वेग मला मानवला आहे.

पायरी पाचवी: खराब आवाजाच्या रेकॉर्डिंगला संधी द्या

‘अर्थबाउंड’ (१९७२) बद्दल बोलताना लोक आधी नाक मुरडतात. कारण रास्त आहे. १९७२ च्या अमेरिका दौऱ्यात ध्वनियंत्रणेतून थेट साध्या कॅसेटवर उतरवलेलं हे रेकॉर्डिंग. आवाज फाटलेला, खोली नाही, आणि अमेरिकेत ते तेव्हा प्रसिद्धच झालं नाही. बॉझ, कॉलिन्स आणि वॉलेस यांचा ओढा ब्लूज आणि फंककडे, फ्रिपचा दुसरीकडेच. दौरा संपल्यावर वाटा वेगळ्या होणार हे सगळ्यांना माहीत होतं. ते सगळं त्या कॅसेटवर ऐकू येतं.

ऐकण्याची युक्ती अशी: हेडफोन काढा, स्पीकरवर लावा, आवाज मध्यम ठेवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसा. हेडफोनवर फाटलेपणा कानात टोचतो. खोलीच्या हवेत तो थोडा विरतो आणि कॉलिन्सचा सॅक्सोफोन पुढे येतो. ‘स्किझॉइड मॅन’ तेवढी ऐका. आवडली तर २००२ चा ‘लेडीज ऑफ द रोड’ घ्या, याच संचाचं, पण बऱ्याच चांगल्या अवस्थेतलं रेकॉर्डिंग.

१९६९ च्या संचाचंही असंच. ‘एपिटाफ’ (१९९७) मध्ये बीबीसीवरची सत्रं, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधला कार्यक्रम आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमधले डिसेंबरचे शेवटचे दिवस आहेत. आवाज जागोजागी गढूळ. पण मेलोट्रॉन मंचावर काय करतो, हे इथे नीट कळतं. त्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली खऱ्या व्हायोलिनची किंवा बासरीची टेप असते, ती जेमतेम आठ सेकंद चालते, मग बोट उचलावंच लागतं. शिवाय गारठा, उष्णता, विजेचा कमी-जास्त दाब, काहीही झालं तरी सूर हलतो. स्टुडिओत हे लपतं. ‘एपिटाफ’मध्ये मॅक्डोनल्ड त्या हलत्या सुराशी झगडत असतो आणि तरी मोठं शिल्प उभं राहतं.

पायरी सहावी: लाइव्ह म्हणवणाऱ्या अल्बमवर नंतर काय चढवलं, ते ओळखा

‘यूएसए’ १९७५ मध्ये आला तोवर फ्रिपने बँड बंद केला होता. डेव्हिड क्रॉस गेला होता. काही ठिकाणी त्याचं व्हायोलिन पुरेसं ऐकू येत नव्हतं, म्हणून एडी जॉब्सन याच्याकडून स्टुडिओत नव्याने वाजवून घेतलं: ‘लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक’चा दुसरा भाग आणि ‘स्किझॉइड मॅन’ यांत व्हायोलिन, ‘लॅमेंट’मध्ये पियानो. शिवाय ‘स्किझॉइड मॅन’ अ‍ॅसबरी पार्कची नसून दोन दिवसांनंतरची, ३० जूनच्या प्रॉव्हिडन्सची आहे. एक अल्बम, पण दोन गावं आणि मंचावर नसलेला एक वादक. अल्बम उत्तमच आहे, फक्त आपण काय ऐकतो आहोत ते माहीत असावं.

कान तयार करायला ‘लार्क्स टंग्ज’चा दुसरा भाग आधी ‘यूएसए’वर ऐका, मग ‘द ग्रेट डिसीव्हर’ या १९९२ च्या चार डिस्कच्या संचात. तिथे १९७३–७४ चे कार्यक्रम आहेत आणि प्रॉव्हिडन्सची ती रात्रही. क्रॉसचं व्हायोलिन तिथे बँडच्या गर्जनेत बुडत-वर येत राहतं. ब्रुफर्ड आणि वेटन इतक्या जोराने वाजवत, की व्हायोलिनला जागाच उरत नसे. क्रॉस बँडबाहेर का गेला, त्याचं निदान एक कारण त्या टेपवरच ऐकू येतं. ‘रेड’वरची ‘प्रॉव्हिडन्स’ ही उत्स्फूर्त रचनाही याच ३० जूनची. दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हा संच शेवटचा वाजला.

पायरी सातवी: ऐंशीच्या दशकासाठी एकच अल्बम

इथे मी आढेवेढे घेत नाही. ‘अ‍ॅबसेंट लव्हर्स’ घ्या. ११ जुलै १९८४, माँट्रिअल, त्या संचाचा शेवटचा कार्यक्रम. प्रसिद्ध व्हायला १९९८ उजाडलं. ‘बीट’ आणि ‘थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर’ हे स्टुडिओ अल्बम मला अर्धवट वाटत आले आहेत. त्यांतल्याच रचना इथे ताठ उभ्या राहतात.

‘फ्रेम बाय फ्रेम’ लावा, हेडफोनवर. दोन गिटार सात-सातच्या हिशेबात एकच नक्षी वाजवतात, मग एक जण दर फेरीत एक स्वर गाळतो. नक्षी सरकत जाते, दोघांमधलं अंतर वाढतं आणि मग ते पुन्हा जुळतात. एका कानाला एकच गिटार धरून बसा, डावी किंवा उजवी, आणि जुळण्याची जागा येईपर्यंत सोडू नका. तबल्याच्या तिहाईत समेवर येताना जी सुटका वाटते, तीच इथे वाटते.

नव्वदच्या दशकातून लवकर पुढे जा. १९९४ मधल्या अर्जेंटिनाच्या कार्यक्रमांचा ‘बी-बूम’ सहा जणांचा आवाका दाखवायला पुरेसा आहे. ‘थ्रॅकाटॅक’ (१९९६) मध्ये फक्त उत्स्फूर्त वादन आहे, तो वर्षभर तरी बाजूला ठेवा. २००० च्या संचासाठी तीन डिस्कचा ‘हेवी कन्स्ट्रक्शन’ आहे. जड आहे आणि सगळ्यांसाठी नाही.

पायरी आठवी: २०१४–२०२१ मधून निवड

या काळात लाइव्ह अल्बमांचा पूरच आला: टोरोंटो, व्हिएन्ना, शिकागो, मेक्सिको. सगळे चांगल्या दर्जाचे, म्हणून निवड अवघड. माझा क्रम असा. पहिला ‘मेल्टडाउन’, २०१७ मधले मेक्सिको सिटीचे कार्यक्रम, तीन डिस्क आणि सोबत चित्रीकरण. रचना १९६९ पासूनच्या सगळ्या काळातल्या असल्यामुळे तुमच्या वहीतल्या जवळजवळ प्रत्येक संचासमोर नवी नोंद होते. दुसरा टोरोंटो, एकाच रात्रीचा अखंड कार्यक्रम म्हणून. ‘रॅडिकल अ‍ॅक्शन’मध्ये श्रोत्यांचा आवाज पूर्ण काढला आहे, म्हणजे १९७४ ची जुनी क्लृप्ती पुन्हा. ते ऐकताना मला टाळ्यांची उणीव भासते. पण तीन ड्रमर वेगवेगळे ऐकायचे तर त्याहून स्वच्छ रेकॉर्डिंग नाही. डावीकडे मास्टेलोटो आणि उजवीकडे गॅव्हिन हॅरिसन असं धरून चाला, मधल्या जागेवर आधी बिल रीफ्लिन आणि नंतर जेरेमी स्टेसी.

पायरी नववी: विकत घेण्याआधी

१९९२ मध्ये फ्रिप आणि डेव्हिड सिंगलटन यांनी डिसिप्लिन ग्लोबल मोबाइल ही स्वतःची कंपनी काढली. १९९८ पासून ‘कलेक्टर्स क्लब’च्या नावाने जुन्या कार्यक्रमांच्या डिस्क येऊ लागल्या, पहिली १९६९ च्या मार्की क्लबमधल्या कार्यक्रमाची. पुढे तारखेनुसार डाउनलोडही विकत मिळू लागले. मोठे डिस्क-संच त्यानंतरचे: ‘लार्क्स टंग्ज’चा १५ डिस्कचा (२०१२), ‘द रोड टू रेड’ २४ डिस्कचा (२०१३), ‘स्टारलेस’ २७ चा (२०१४), ‘सेलर्स टेल्स’ २७ चा (२०१७), पहिल्या वर्षाचा ‘कम्प्लीट १९६९’ २६ चा (२०२०).

सगळ्यात मोठा धोका आहे एकच रात्र दोनदा विकत घेण्याचा. माझ्याकडून हे झालं आहे. वेगळं नाव आणि वेगळं चित्र पाहून मी एक संच मागवला, सीमाशुल्क भरलं, आणि त्यातली एक डिस्क ‘द नाइट वॉच’ निघाली. तेव्हापासून नियम केला: नाव बघायचं नाही, तारीख आणि गाव बघायचं. कॉन्सर्टखेबाऊची रात्र ‘स्टारलेस’ संचात आहे. अ‍ॅसबरी पार्क ‘द रोड टू रेड’मध्ये आहे. ‘अ‍ॅबसेंट लव्हर्स’ ‘ऑन अँड ऑफ द रोड’ या २०१६ च्या संचात आहे. ‘द ग्रेट डिसीव्हर’मधला बराचसा मजकूर ‘स्टारलेस’ आणि ‘द रोड टू रेड’ या दोन संचांत विभागला गेला आहे. म्हणून संच घ्यायचा असेल तर सुट्या डिस्क घेऊ नका, आणि सुट्या घेतल्या असतील तर संचाची यादी तारखेने ताडून बघा.

दुसरं, रेकॉर्डिंगचा प्रकार वाचा. मल्टिट्रॅकवरून मिक्स केलेलं सर्वात भरदार. ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेलं स्पष्ट पण कोरडं. त्यात गायकाचा आवाज पुढे आणि गिटार मागे असते, कारण हॉलमध्ये गिटारला ध्वनियंत्रणेची गरजच कमी पडते. श्रोत्यांमध्ये बसून कुणी टेप केलेलं असेल तर आधी नमुना ऐका. मोठ्या संचांत तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी असतात आणि २७ डिस्क म्हणजे २७ चांगल्या डिस्क असं नसतं.

तिसरं, पैसे खर्चण्याची घाई नको. २०१९ पर्यंत हा बँड मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर नव्हता. पन्नासाव्या वर्षी तो तिथे आला. या लेखातल्या पहिल्या चार पायऱ्या डिस्क न घेता चढता येण्याजोग्या आहेत.

फायली साठवत असाल तर नाव वर्ष-महिना-दिवस-गाव या क्रमाने द्या, ‘१९७३-११-२३ अ‍ॅम्स्टरडॅम’ असं. फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतो आणि अल्बमची नावं काहीही असोत, घोळ होत नाही.

‘स्टारलेस’चा माग पुरेसा झाला, की पुढची रचना ‘फ्रॅक्चर’ घ्या. फ्रिपने स्वतःच्या बोटांची परीक्षा बघावी अशी ती लिहिली आहे. मधल्या भागात उजवा हात मिनिटामागून मिनिटं थांबतच नाही. १९७४ नंतर ती ४० हून अधिक वर्षं मंचावर आली नाही, मग शेवटच्या संचाने ती पुन्हा उचलली, तेव्हा फ्रिप सत्तरीत होता. वहीत अ‍ॅम्स्टरडॅम १९७३ ची ओळ लिहा आणि तिच्या लगेच खाली ही उशिराची. दोन्ही रेकॉर्डिंगांत मधला भाग सुरू होतो ती जागा शोधा आणि फक्त तेवढाच भाग पाठोपाठ ऐका, आधी जुना, मग नवा, दोन्ही वेळा हेडफोनवर.